लंबगोल चेंडूची शांघाय वारी
ऑस्ट्रेलियाने आपला राष्ट्रीय फुटबॉल चीनला दाखवण्याचा जो घाट घातला, त्यात खेळ किती होता, व्यापार किती आणि मुत्सद्देगिरी किती?

शांघाय शहराच्या यांगपू भागात जियांगवान नावाचे एक जुने क्रीडासंकुल आहे. १९३० च्या दशकात, शांघायच्या चिनी नगरप्रशासनाने परकीय वसाहतींना तोडीस तोड असे स्वतःचे नवे शहर वसवण्याची महत्त्वाकांक्षी योजना आखली होती. त्या योजनेत १९३५ साली हे संकुल उभे राहिले. या ऐतिहासिक वास्तूत १४ मे २०१७ रोजी ऑस्ट्रेलियातील दोन संघांमध्ये एक सामना झाला. पोर्ट अ‍ॅडलेड आणि गोल्ड कोस्ट ही त्या संघांची नावे. सामना प्रदर्शनीय नव्हता. ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग अर्थात 'एएफएल' या स्पर्धेतील तो रीतसर साखळी सामना होता आणि त्याचे गुण तक्त्यात धरले जाणार होते. त्याआधी २०१३ साली अशा गुणांचा एक सामना न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला झाला होता. परंतु ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या शेजाऱ्यांच्या परिघाबाहेर लीगने पाऊल टाकण्याची ही पहिलीच खेप.

पोर्ट अ‍ॅडलेडने तो सामना ११० विरुद्ध ३८ असा जिंकला. या गुणसंख्येवरूनच हा आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. तेव्हा शांघायची कथा पुढे नेण्याआधी या खेळाची थोडी ओळख करून घेणे इष्ट ठरेल.

क्रिकेटच्या मैदानावरचा हिवाळी पाहुणा

ऑस्ट्रेलियात 'फुटबॉल' या एका शब्दाने कोणताही एक खेळ निश्चित होत नाही. रग्बी लीग, रग्बी युनियन, जगभर खेळला जाणारा सॉकर आणि ऑस्ट्रेलियन नियमांचा फुटबॉल अशी चार भावंडे तेथे नांदतात आणि त्यांतील प्रत्येकाला 'कोड' म्हणण्याचा प्रघात आहे. यांपैकी शेवटचा, ज्याला तेथील लोक लाडाने 'फूटी' म्हणतात, तो अस्सल ऑस्ट्रेलियन. १८५८ च्या जुलै महिन्यात व्हिक्टोरियाचा नामांकित क्रिकेटपटू टॉम विल्स याने मेलबर्नच्या एका क्रीडा साप्ताहिकाला पत्र लिहिले. हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे अंग आखडून जाऊ नये म्हणून एखादा फुटबॉल क्लब काढावा, असा त्याचा आशय होता. पुढल्याच वर्षी, म्हणजे मे १८५९ मध्ये, मेलबर्न फुटबॉल क्लबच्या मंडळींनी नियम कागदावर उतरवले. इंग्लंडमध्ये फुटबॉल असोसिएशनची स्थापना १८६३ सालची. म्हणजे हा खेळ लिखित नियमांच्या बाबतीत सॉकरहून थोडा वडीलच ठरतो.

खेळाचा जन्म क्रिकेटपटूंच्या सोयीसाठी झाल्यामुळे तो क्रिकेटच्याच अंडाकृती मैदानांवर वाढला. मेलबर्न, अ‍ॅडलेड ओव्हल, ब्रिस्बेनचे गॅबा ही मैदाने आपल्याला पहाटे उठून पाहिलेल्या कसोटी सामन्यांमुळे ठाऊक असतात. हिवाळ्यात मात्र ती फूटीची असतात. मेलबर्न आणि अ‍ॅडलेडला बाहेर तयार करून मैदानात आणून बसवलेली 'ड्रॉप-इन' खेळपट्टी का असते, याचे उत्तरही याच खेळात दडलेले आहे.

एका बाजूला अठरा खेळाडू. चेंडू रग्बीसारखा लंबगोल. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार उभे खांब. मधल्या दोन खांबांमधून चेंडू पायाने मारून पार केला की 'गोल', त्याचे सहा गुण. तो बाजूच्या खांबांमधून गेला, तर 'बिहाइंड', त्याचा एकच गुण. चेंडू हाताने फेकता येत नाही. एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसावा लागतो. पंधरा मीटर वा अधिक अंतरावरून लाथाडलेला चेंडू जमिनीवर पडण्याआधी झेलला, की त्या खेळाडूला विनाअडथळा फटका मारण्याचा हक्क मिळतो. अशा झेलासाठी प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावर गुडघा रोवून हवेत उंच झेपावणारा खेळाडू हे या खेळाचे सर्वांत देखणे दृश्य होय. शांघायच्या सामन्यात पोर्ट अ‍ॅडलेडने १६ गोल आणि १४ बिहाइंड केले, तर गोल्ड कोस्टने ४ गोल आणि १४ बिहाइंड. सहाने गुणून बेरीज केली की ११० आणि ३८ हे आकडे हाती येतात. ज्याला हा हिशेब उलगडला, त्याला निम्मा खेळ उमगला असे समजण्यास हरकत नाही.

या खेळाला 'राष्ट्रीय' म्हणताना एक मेख ध्यानात ठेवावी लागते. व्हिक्टोरिया, दक्षिण ऑस्ट्रेलिया, पश्चिम ऑस्ट्रेलिया आणि टास्मानिया येथे तो धर्मासारखा पाळला जातो. मात्र सिडनी आणि ब्रिस्बेनच्या बाजूला रग्बी लीगचे राज्य आहे. इयन टर्नर या इतिहासकाराने १९७८ मध्ये गमतीने या दोन प्रदेशांमध्ये एक काल्पनिक रेषा आखली आणि तिला रॉन बरासी या फूटीपटूचे नाव दिले. ज्या खेळाला स्वदेशातच अर्धा मुलूख अजून पुरता जिंकायचा आहे, त्याने दीडशे कोटींच्या जवळपास लोकसंख्येच्या देशात मोहीम काढावी, हे पाहून प्रथम नवलच वाटते. पण या नवलाचा उलगडा खेळाच्या मैदानावर होत नाही. त्यासाठी क्लबच्या खतावण्या आणि परराष्ट्र खात्याचे दस्तऐवज चाळावे लागतात.

पिंगपाँगचा दाखला

खेळाच्या आडून राजकारण करण्याची रीत जुनी आहे. १९७१ च्या एप्रिलमध्ये जपानमधील नागोया येथे जागतिक टेबल टेनिस स्पर्धा चालू असताना अमेरिकेचा ग्लेन कोवन चिनी संघाच्या बसमध्ये चढला आणि चीनच्या च्वांग त्सेतुंग या माजी जगज्जेत्याने त्याला भेटवस्तू दिली. लागलीच अमेरिकी संघाला चीनचे निमंत्रण गेले आणि फेब्रुवारी १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन बीजिंगला पोहोचले. आपल्याकडे १९८७ च्या फेब्रुवारीत सीमेवर सैन्याची जमवाजमव झालेली असताना पाकिस्तानचे अध्यक्ष झिया उल हक जयपूरची कसोटी पाहायला आले होते, ती 'क्रिकेट शिष्टाई' जुन्या वाचकांच्या स्मरणात असेल.

या दाखल्यांमध्ये एक सूक्ष्म बाब नेहमी निसटते. पिंगपाँगच्या चेंडूने दोन महासत्तांची मने जुळवली असे म्हणणे कानाला गोड लागते. वास्तविक दोन्ही सरकारांना जवळ यायचेच होते आणि पडद्याआड तशा हालचाली सुरू झाल्या होत्या. खेळाने त्यांना लोकांसमोर मांडता येईल असे निमित्त पुरवले. खेळ दार उघडत नाही. आतून कडी काढलेली असेल, तर तो दार ढकलतो, इतकेच. शिवाय टेबल टेनिस हा चिनी माणसाचा जीव की प्राण असलेला खेळ होता. तेथे अमेरिकी पाहुणे यजमानांचा खेळ खेळायला गेले होते. ऑस्ट्रेलियाने मात्र यजमानांना अपरिचित असलेला आपला खेळ सोबत नेला. हा फरक किरकोळ नाही.

ऑस्ट्रेलियाच्या सरकारने २०१५ मध्ये, ज्युली बिशप परराष्ट्रमंत्री असताना, क्रीडा मुत्सद्देगिरीचे अधिकृत धोरणच जाहीर केले होते. पुढे २०१९ च्या प्रारंभी त्याची दुसरी आवृत्ती आली. त्याच २०१५ च्या डिसेंबरमध्ये चीनबरोबरचा मुक्त व्यापार करार अमलात आला. लोहखनिज, कोळसा, गोमांस, बार्ली, वाइन, शिवाय विद्यार्थी आणि पर्यटक या साऱ्यांसाठी चीन हे ऑस्ट्रेलियाचे मोठे गिऱ्हाईक बनले होते. या वातावरणात आपल्या खेळाला चीनमध्ये नेऊ असे म्हणणारा क्लब सरकारच्या नजरेत भरणार, हे ओघानेच आले.

ताडपत्री, गोमांस आणि एक करार

तो क्लब म्हणजे पोर्ट अ‍ॅडलेड. १८७० साली बंदरातल्या कष्टकरी वस्तीत स्थापन झालेला, दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या स्थानिक स्पर्धेत अनेक अजिंक्यपदे मिळवलेला, १९९७ मध्ये राष्ट्रीय लीगमध्ये दाखल झालेला आणि २००४ मध्ये तेथेही विजेता ठरलेला. परंतु नंतरच्या काळात त्याला उतरती कळा लागली. २०११ च्या सुमारास घरच्या मैदानावर प्रेक्षक इतके रोडावले, की रिकाम्या खुर्च्या दूरचित्रवाणीवर दिसू नयेत म्हणून त्यांवर ताडपत्र्या अंथरण्याची वेळ आली. लीगकडून आर्थिक टेकू घ्यावा लागला. पुढे डेव्हिड कॉख हे दूरचित्रवाणीवरील परिचित अर्थपत्रकार अध्यक्ष झाले, २०१४ मध्ये क्लबने अ‍ॅडलेड ओव्हलवर बिऱ्हाड हलवले आणि गर्दी परतली. तरीही अडचण मूळचीच होती. सुमारे तेरा लाख वस्तीच्या शहरात दोन लीग क्लब आणि मोठ्या कंपन्यांची मुख्यालये मेलबर्न-सिडनीला. प्रायोजक आणावे कोठून? कॉख आणि मुख्य कार्यकारी अधिकारी कीथ थॉमस यांनी यावर शोधलेले उत्तर होते चीन.

२०१६ च्या एप्रिलमध्ये पंतप्रधान माल्कम टर्नबुल मोठ्या व्यापारी शिष्टमंडळासह चीनच्या दौऱ्यावर गेले असता शांघायमध्ये त्यांच्या उपस्थितीत एक करार जाहीर झाला. शांघाय क्रेड ही स्थावर मालमत्ता क्षेत्रातील कंपनी पोर्ट अ‍ॅडलेडची प्रायोजक बनली. कंपनीचे प्रमुख ग्वे ग्वोजिए यांनी याआधी फूटीचे भक्त म्हणून नाव कमावल्याचे कोणी सांगत नाही. मग त्यांना या क्लबमध्ये रस का?

येथे अ‍ॅडलेडचीच आणखी एक संस्था चित्रात येते. एस. किडमन अँड कंपनी ही ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात प्रचंड चराऊ राने बाळगून असलेली पशुपालन कंपनी तेव्हा विक्रीला निघाली होती. एका चिनी गटाने ती घेण्याचा प्रयत्न केला. राष्ट्रहिताच्या कारणास्तव तत्कालीन अर्थमंत्री स्कॉट मॉरिसन यांनी तो २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये आणि पुन्हा २०१६ च्या एप्रिलमध्ये रोखला. नंतर खाणउद्योगातील धनाढ्य जिना राइनहार्ट यांच्या कंपनीने ६७ टक्के आणि शांघाय क्रेडने ३३ टक्के अशी भागीदारी करून ३८ कोटी ६५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरची बोली लावली आणि डिसेंबर २०१६ मध्ये तिला मंजुरी मिळाली. फुटबॉल क्लबच्या पुरस्कारामुळे ही मंजुरी मिळाली, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल; तसा पुरावा नाही. बहुसंख्य हिस्सा ऑस्ट्रेलियन हाती राहिला, हे कारण पुरेसे होते. परंतु परक्या देशात जमीनजुमला घेऊ पाहणाऱ्या उद्योजकाला तेथील समाजात आपली ओळख एक खरेदीदार म्हणून नव्हे, तर स्थानिक संघाचा मित्र म्हणून व्हावी असे वाटणे स्वाभाविक आहे. आपल्याकडेही गावच्या कुस्तीच्या फडाला इनाम लावणारा कारखानदार नेमके हेच करत असतो.

सामना आणि त्याभोवतीचा बाजार

शांघायच्या पहिल्या सामन्याला १० हजार ११८ प्रेक्षक होते. त्यांतील मोठा वाटा ऑस्ट्रेलियातून विमानाने आलेल्या समर्थकांचा आणि चीनमध्ये नोकरी-व्यवसायानिमित्त राहणाऱ्या ऑस्ट्रेलियनांचा होता. हे क्लबच्या दृष्टीने अपयश होते का? नव्हते. कारण खरा कार्यक्रम स्टेडियमच्या बाहेर, हॉटेलांच्या सभागृहांत चालू होता. वाइन उत्पादक, मांस निर्यातदार, विद्यापीठे, पर्यटन महामंडळे, राज्य सरकारचे मंत्री आणि त्यांचे चिनी समपदस्थ यांच्या भोजने, परिषदा, गाठीभेटी या सामन्याच्या आगेमागे गुंफलेल्या होत्या. ऑस्ट्रेलियातील सुमारे निम्मी वाइन दक्षिण ऑस्ट्रेलियात तयार होते. बरोसा खोऱ्यातल्या बाटलीला शांघायचे गिऱ्हाईक मिळवून देण्यासाठी फुटबॉलचा सामना हे उत्तम निमित्त होते. लग्नाला जमलेल्या पाहुण्यांपैकी किती जण मंगलाष्टके ऐकायला येतात आणि किती जण दोन घरांतले व्यवहार जुळवायला, असा प्रश्न आपण विचारत नाही. तसेच हे.

क्लबने शाळांकडेही लक्ष दिले होते, हे मान्य करावे लागेल. 'पॉवर फूटी' नावाने चिनी मुलांना चेंडू हाताळायला शिकवणारा कार्यक्रम राबवला गेला. चेन शाओलियांग या तरुण चिनी खेळाडूला पोर्ट अ‍ॅडलेडने करारबद्ध करून अ‍ॅडलेडला नेले. त्याची छायाचित्रे सर्वत्र झळकली. परंतु लीगच्या मुख्य स्पर्धेत एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. ज्या खेळात ऑस्ट्रेलियन मूल पाचव्या-सहाव्या वर्षापासून लंबगोल चेंडूच्या विचित्र उसळीशी झगडत मोठे होते, त्यात विशीच्या उंबरठ्यावर नव्याने आलेल्या तरुणाने दोन-तीन वर्षांत बाजी मारावी, ही अपेक्षाच अवाजवी होती.

२०१८ मध्ये पुन्हा हेच दोन संघ भिडले, प्रेक्षक १० हजार ६८९. २ जून २०१९ रोजी गोल्ड कोस्टच्या जागी सेंट किल्डा हा मेलबर्नचा क्लब आला. व्हिक्टोरियाच्या राज्य सरकारचा या उपक्रमाला पाठिंबा होता. या सामन्याला प्रेक्षक होते ९ हजार ४१२. तिन्ही लढती पोर्ट अ‍ॅडलेडने ४० वा अधिक गुणांच्या फरकाने एकतर्फी जिंकल्या. नवख्या प्रेक्षकाला खेळाची गोडी लावायची, तर शेवटच्या क्षणापर्यंत श्वास रोखून धरायला लावणारा सामना हवा. नेमके तेच शांघायच्या नशिबी नव्हते. आणि तीन वर्षांचे प्रेक्षकांचे आकडे शेजारी ठेवले, की रोपटे मूळ धरत नसल्याचे दिसते. अ‍ॅडलेडच्या दोन क्लबांमधील स्थानिक लढतीला एका दुपारी याच्या चौपट-पाचपट गर्दी जमते.

एनबीएला जे जमले

येथे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगची, एनबीएची, हटकून आठवण निघते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस एनबीएचे आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी चीनच्या सरकारी वाहिनीला सामन्यांच्या चित्रफिती जवळपास फुकट देऊ केल्या. २००२ मध्ये याओ मिंग हा साडेसात फुटी खेळाडू ह्यूस्टन रॉकेट्समध्ये दाखल झाला, २००४ मध्ये लीगचे संघ शांघाय-बीजिंगला सराव सामने खेळले आणि चीन एनबीएची परदेशातील सर्वांत मोठी बाजारपेठ बनला. हीच वाट फूटीला का सापडू नये, असे ऑस्ट्रेलियन उत्साही विचारीत.

पण एनबीएने चीनला बास्केटबॉल शिकवला नाही. ख्रिस्ती युवक संघटनेच्या मिशनऱ्यांनी तो १८९० च्या दशकातच त्येनचिनला आणला होता. सिमेंटचा चौक, एक कडे आणि दहा मुले एवढ्यावर तो खेळता येतो. शाळा, कारखाने, लष्करी छावण्या सर्वत्र तो आधीच रुजलेला होता. एनबीएने त्या तयार जमिनीत आपले बियाणे पेरले. फूटीला दीडशे मीटरच्या आसपास लांबीचे अंडाकृती मैदान लागते. क्रिकेट नसलेल्या चीनमध्ये तसे मैदान मिळणेच दुर्मीळ. छत्तीस खेळाडू लागतात. नियम जाणणारे पंच लागतात. लीगने २०१८ मध्ये आयताकृती मैदानावर सात-सात खेळाडूंचा 'एएफएलएक्स' हा आटोपशीर प्रकार काढून पाहिला, पण खुद्द ऑस्ट्रेलियातच त्याचे स्वागत थंडे झाले आणि २०१९ नंतर तो गुंडाळला गेला.

याहून मोठा अडसर चीनच्या क्रीडाव्यवस्थेतच आहे. तेथे खेळांवरचा सरकारी पैसा ऑलिम्पिक पदकांच्या आशेने वाहतो. प्रांतांमधील क्रीडा विभागांचे यश चार वर्षांतून एकदा होणाऱ्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेतल्या पदकांवर मोजले जाते आणि त्या स्पर्धेची आखणी ऑलिम्पिककडे पाहून होते. सात खेळाडूंच्या रग्बीचे उदाहरण बोलके आहे. २००९ मध्ये तिचा ऑलिम्पिकमध्ये समावेश ठरला, २०१३ च्या चिनी राष्ट्रीय स्पर्धेत तिला स्थान मिळाले आणि चीनचा महिला संघ पुढे टोकियो व पॅरिस ऑलिम्पिकला पात्र ठरला. फूटी ऑलिम्पिकच्या जवळपासही नाही. चीनने या खेळात कोणाला हरवावे? जगात गंभीरपणे खेळणारा देश एकच, आणि तो तर शिकवायला आलेला. ज्या खेळात आपला झेंडा उंचावण्याची शक्यताच नाही, त्यावर कोणता प्रांताधिकारी खर्च करील? चिनी भाषेत या खेळाला 'ऑस्ट्रेलियन पद्धतीचा फुटबॉल' अशा अर्थाचे नाव आहे. त्या नावातच तो दुसऱ्याचा असल्याची नोंद आहे.

बॅलाराटचे विसरलेले खेळाडू

चिनी माणूस आणि फूटी यांची भेट शांघायला पहिल्यांदा झाली, असे मात्र नाही. सोन्याच्या शोधात हजारो चिनी १८५० च्या दशकात व्हिक्टोरियात उतरले होते. बॅलाराट या सुवर्णनगरीत १८९२ मध्ये चिनी खाणकामगार आणि चिनी माळी यांच्यात फूटीचा सामना रंगल्याची नोंद आहे. १९०८ मध्ये वॉली कूच्यू हा चिनी पित्याचा मुलगा कार्लटन क्लबकडून मोजके सामने खेळला. 'श्वेत ऑस्ट्रेलिया' धोरणाचा तो ऐन भर होता आणि त्याच्या निवडीवर नाके मुरडली गेली. अलीकडे तैवानी आणि तिमोरी वारसा असलेला लिन जाँग वेस्टर्न बुलडॉग्जकडून खेळला.

२०२१ च्या जनगणनेत ऑस्ट्रेलियातील सुमारे १४ लाख रहिवाशांनी आपला वंश चिनी असल्याचे नोंदवले. म्हणजे ज्या प्रेक्षकाच्या शोधात आठ हजार किलोमीटर दूर जायचे, तो मेलबर्नच्या बॉक्स हिलमध्ये, ट्राममधून स्टेडियमला जाता येईल इतक्या अंतरावर राहत होता. त्याला सामन्याला आणणे अधिक कठीण, अधिक संथ आणि कमी झगमगाटाचे काम आहे. तेथे पंतप्रधानांच्या उपस्थितीत करार होत नाहीत. प्रस्तुत लेखकाच्या मते, या संपूर्ण उपक्रमातील खरी उणीव हीच होती.

कडी आतून लागली

दरम्यान दोन्ही देशांच्या संबंधांतील ऊब ओसरू लागली होती. २०१७ च्या डिसेंबरमध्ये टर्नबुल सरकारने परकीय हस्तक्षेपविरोधी विधेयके मांडली, जून २०१८ मध्ये ती संमत झाली. ऑगस्ट २०१८ मध्ये ह्वावे कंपनीला ५-जी जाळ्यातून वगळण्यात आले. याच काळात शांघायचे सामने होत राहिले, ही गोष्ट लक्षणीय आहे. मंत्रिस्तरावरील भेटीगाठी आटल्या असताना फुटबॉलच्या निमित्ताने का होईना, राज्यांचे मंत्री आणि उद्योजक चिनी अधिकाऱ्यांशी एका टेबलावर बसू शकत होते. क्रीडा मुत्सद्देगिरीचे एखादे खरे फलित सांगायचे, तर ते हेच. पण त्याची मर्यादाही लवकरच उघड झाली.

२०२० चा सामना मेच्या अखेरीस ठरला होता. करोनाच्या साथीमुळे तो वर्षाच्या प्रारंभीच शांघायहून मेलबर्नला हलवण्याचा निर्णय झाला. एप्रिलमध्ये मॉरिसन सरकारने साथीच्या उगमाची स्वतंत्र चौकशी मागितली. मेमध्ये चीनने ऑस्ट्रेलियन बार्लीवर ८० टक्क्यांहून अधिक शुल्क लादले, नोव्हेंबरमध्ये वाइनवर २०० टक्क्यांच्या पुढे जाणारे. वर्षाला शंभर कोटी डॉलरहून मोठी असलेली चिनी बाजारपेठ बरोसाच्या द्राक्षबागायतदारांना जवळजवळ रातोरात बंद झाली. तीन वर्षे ज्यांनी शांघायच्या मेजवान्यांत बाटल्या उघडल्या, त्यांच्या मदतीला तो स्नेह आला नाही. येण्यासारखाही नव्हता. राज्यकर्त्यांचा रोष आणि गिऱ्हाइकाचा लोभ या वेगळ्या गोष्टी आहेत आणि शुल्क राज्यकर्ते ठरवतात. त्यानंतर चीनमध्ये लीगचा गुणांचा एकही सामना झालेला नाही.

याहून कितीतरी बलाढ्य असलेल्या एनबीएलाही याच सुमारास तडाखा बसला होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये ह्यूस्टन रॉकेट्सचे सरव्यवस्थापक डॅरिल मोरी यांनी हाँगकाँगच्या आंदोलकांना पाठिंबा देणारा एक ट्विट-संदेश टाकला, तो लगेच काढूनही टाकला. तरी सरकारी वाहिनीवरून वर्षभर सामने गायब झाले. तीस वर्षांची मेहनत आणि याओ मिंगसारखा दुवा असताना ही गत झाली.

महाराष्ट्रातील वाचकाला या कथेत आपल्या कबड्डीचे प्रतिबिंब शोधण्याचा मोह होईल. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने जर्मनीत भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, त्यात हुतुतूही होता. पुढे शंकरराव उर्फ बुवा साळवी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी आयुष्य वेचून या खेळाला नियम आणि संघटना दिली. आशियाई क्रीडास्पर्धेत कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून प्रवेश मिळाला तो १९९० मध्ये, बीजिंगला! महिलांची कबड्डी आली २०१० मध्ये, ग्वांगझूला. दोन्ही वेळा यजमान चीन. मात्र कबड्डीने तेथे आपली व्यावसायिक लीग नेली नव्हती. बांगलादेश, पाकिस्तान, इराण, जपान, कोरिया अशा देशांच्या संघटना आधी उभ्या राहिल्या आणि मग स्पर्धेचे दार उघडले. त्याची किंमतही मोजावी लागली. २०१८ मध्ये जाकार्तात पुरुष आणि महिला अशी दोन्ही सुवर्णपदके इराणने हिरावून नेली. भारताने ती २०२३ मध्ये, पुन्हा चीनमध्येच, हांगझूला परत मिळवली. आपला खेळ दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे एक दिवस त्याच्याकडून हरण्याची तयारी ठेवणे. एएफएलने चीनमध्ये ही तयारी कधी दाखवली नाही. तिला प्रतिस्पर्धी नव्हे, प्रेक्षक हवे होते.

ऑस्ट्रेलिया-चीन संबंध पुढे सावरले. बार्लीवरील शुल्क ऑगस्ट २०२३ मध्ये उठले, वाइनवरील मार्च २०२४ मध्ये. नोव्हेंबर २०२३ मध्ये पंतप्रधान अँथनी अल्बनीज चीनला गेले, तेव्हा २०१६ नंतर ऑस्ट्रेलियन पंतप्रधानाची ती पहिलीच भेट होती. जुलै २०२५ मध्ये ते पुन्हा गेले आणि शांघायच्या प्रसिद्ध नदीकाठावर फेरफटका मारताना त्यांच्यासोबत एक क्रीडापटूही होता. तो होता केव्हिन मस्कट, ऑस्ट्रेलियाचा माजी सॉकर खेळाडू आणि २०२४ मध्ये चिनी सुपर लीग जिंकलेल्या संघाचा प्रशिक्षक. योगायोग असा, की त्या संघाचे नावही 'पोर्ट'च, शांघाय पोर्ट. त्याचा चेंडू मात्र गोल आहे, आणि तो कसा खेळतात हे शांघायमध्ये कोणाला समजावून सांगावे लागत नाही.